जर्मन वेग आणि मराठवाड्याचा रस्ता

सेलू (जि. परभणी) : मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील सेलू हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. हंगामात येथील रस्त्यांवर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दुचाकी आणि शाळेकडे निघालेली मुले एकाच वेळी दिसतात. अशा ठिकाणी अतिवेगवान जर्मन मोटारींचा विषय काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु तो आता फार काळ पुण्या-मुंबईपुरता राहणार नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना-नांदेड हा सुमारे 179 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून नेण्याची योजना आहे. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण लांबीने खुला झाला. या मार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्याहून दुप्पट वेगाने धावू शकणाऱ्या मोटारी आज राज्यात रीतसर विकल्या जातात, आणि तेवढ्यावर समाधान न मानता त्यांची शक्ती आणखी वाढवून देणारी गॅरेजेही मोठ्या शहरांत आहेत. या वेगाची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न म्हणूनच मराठवाड्याने वेळीच विचारला पाहिजे.

जर्मन मोटारींशी मराठवाड्याचे नाते नवे नाही. फोक्सवॅगन समूहातील स्कोडा कंपनीने 2001 मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे ऑक्टेव्हिया मोटारीची जुळणी सुरू केली. पुढे 2007 पासून ऑडीच्या मोटारीही तेथेच जुळवल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे 65 कोटी रुपयांच्या या व्यवहाराची देशभर चर्चा झाली. या मोटारींना स्टेट बँकेने सात टक्के दराने कर्ज दिले होते, तर शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच अधिक दर मोजावा लागत होता. हा विरोधाभास त्या वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी नेमका दाखवून दिला होता.

शेंद्र्याची आणखी एक आठवण मोटारशौकिनांमध्ये टिकून आहे. 2004 मध्ये भारतात आलेल्या ऑक्टेव्हिया आरएस या मोटारीत फोक्सवॅगनचे 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. येथे ते 150 अश्वशक्तीचे होते. युरोपातील त्याच नावाच्या मोटारीला 180 अश्वशक्ती मिळत असे. ही तफावत भरून काढण्याची इच्छा अनेक मालकांना झाली आणि भारतातील 'ट्यूनिंग'च्या छंदाला या मोटारीने मोठे बळ दिले. नंतर चाकणला तयार झालेल्या पोलो जीटीनेही हीच परंपरा चालवली. 2025 मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि स्कोडाची नवी ऑक्टेव्हिया आरएस या 265 अश्वशक्तीच्या मोटारी आयात होऊन आल्या. 50 लाखांच्या घरातील किंमत असूनही त्यांच्या मोजक्या प्रती झपाट्याने विकल्या गेल्या.

नकाशा बदलतो म्हणजे काय?

आजच्या इंजिनाचा कारभार एका छोट्या संगणकाकडे असतो. किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवेचा दाब किती वाढवायचा, याची कोष्टके त्यात भरलेली असतात. त्यांनाच 'मॅप' म्हणतात. निरनिराळ्या देशांतील इंधन, उष्ण हवामान आणि मालकाकडून होणारी हयगय गृहीत धरून कंपनी या कोष्टकांत पुरेशी सुरक्षित जागा राखून ठेवते. ट्यूनर ही राखीव जागा वापरतो. टर्बो इंजिनात केवळ कोष्टके बदलून 20 ते 30 टक्के अधिक शक्ती मिळू शकते. मोटार बाहेरून तशीच दिसते.

अडचण येथूनच सुरू होते. शक्ती वाढते तेव्हा ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स आणि टायर मात्र पूर्वीचेच राहतात. पोलो जीटीचे उदाहरण घेता येईल. तिच्या सात गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची रचना सुमारे 250 न्यूटन-मीटर जोरासाठी आहे. मूळ इंजिन 175 न्यूटन-मीटर जोर देत असे. रिमॅपनंतर हा फरक झपाट्याने कमी होतो. जाणकार ट्यूनर तो हिशेब ठेवतो, इंजिनाच्या नोंदी तपासतो आणि आधी ब्रेक-टायर बदलण्याचा सल्ला देतो. स्वस्तात काम करणारा इंटरनेटवरून मिळवलेली तयार कोष्टके भरून मोकळा होतो. जर्मनीत 95 आणि 98 ऑक्टेनचे पेट्रोल सर्रास मिळते. त्या इंधनासाठी लिहिलेला मॅप आपल्याकडील पेट्रोलवर चालवला तर इंजिनात अवेळी स्फोट होऊन पिस्टन निकामी होण्याचा धोका असतो. भारतात 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 पासून पुणे-मुंबईसह मोजक्या शहरांत मिळू लागले. तालुक्याच्या गावी आलेल्या मोटारीला जे पंपावर असेल तेच घालावे लागते.

कायदा आहे; डोळे कोठे आहेत?

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 या बाबतीत स्पष्ट आहे. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करताना हेच तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात कारवाई होते ती कानाला ऐकू येणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या बदलांवर. कर्कश सायलेन्सर पकडला जातो. संगणकात भरलेला मॅप रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटार वाहन निरीक्षकाला दिसत नाही. तपासणीपूर्वी मूळ मॅप काही मिनिटांत परत घालता येतो. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे तिची सक्तीची तांत्रिक तपासणी होत नाही. अतिवेगासाठी केंद्रीय कायद्यात हलक्या वाहनांना एक ते दोन हजार रुपये दंड आहे. 50 लाखांची मोटार घेणाऱ्याला ही रक्कम शिक्षा वाटण्याचे कारण नाही.

जर्मनीने काय केले?

जर्मनीतील महामार्गांच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही, हा दाखला वेगाचे समर्थक नेहमी देतात. तेथे 1978 पासून ताशी 130 किलोमीटरचा केवळ सल्ला आहे, हे खरे आहे. मात्र त्या मोकळिकीमागची व्यवस्था क्वचितच सांगितली जाते. तेथे परवान्यापूर्वी नेहमीच्या शिकवणीखेरीज बारा विशेष फेऱ्या सक्तीच्या आहेत. त्यांत शहराबाहेरील रस्ता, महामार्ग आणि रात्रीचा प्रवास यांचा समावेश असतो. नव्या चालकाला दोन वर्षे परिवीक्षेवर ठेवले जाते. नव्या मोटारीची तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते. ट्यूनिंगला तेथे सरसकट बंदी नाही. पण बसवलेला भाग प्रमाणित असावा लागतो, आणि आवश्यक तेथे अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून त्याची कागदपत्रांत नोंद करावी लागते. नोंद न केलेला बदल मोटारीचा रस्त्यावर येण्याचा हक्कच धोक्यात आणतो.

तरीही जर्मनीत बेपर्वाई होतेच. फेब्रुवारी 2016 मध्ये बर्लिनच्या भर बाजारपेठेत दोन मोटारींनी लावलेल्या शर्यतीत एका निरपराध चालकाचा मृत्यू झाला. धडक देणाऱ्या चालकाला खुनासाठी दोषी ठरवण्यात आले आणि अपिलाच्या अनेक फेऱ्यांनंतर 2020 मध्ये सर्वोच्च स्तरावर तो निर्णय कायम राहिला. बेकायदा शर्यत हा तेथे 2017 पासून स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे आणि तीत मृत्यू झाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडचा अनुभव पुण्याच्या कल्याणीनगरात 19 मे 2024 च्या पहाटे आला. अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शे टायकनने दुचाकीला धडक दिली आणि 24 वर्षांचे दोन तरुण अभियंते जागीच गेले. 1758 रुपयांचे शुल्क न भरल्याने मोटारीची कायम नोंदणीही झाली नव्हती. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये 300 शब्दांच्या निबंधाचा समावेश होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. या मोटारीत ट्यूनिंगचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातून आली तशीच ती होती, आणि तेवढी शक्तीही परवाना नसलेल्या हातांत प्राणघातक ठरली. त्या शक्तीत गुपचूप भर घालण्याचा छंद किती गंभीरपणे घ्यायला हवा, हे यावरून कळावे.

साधा हिशेब

ताशी 120 किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात 33 मीटर जाते. समोरचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी 50 मीटर अंतर मागे पडते. वेग 80 वरून 160 वर गेला तर मोटारीतील गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. समृद्धी महामार्गाला कुंपण आहे, दुचाकींना तेथे मज्जाव आहे; तरीही तेथे गंभीर अपघात झाले. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात 25 प्रवासी दगावले. द्रुतगती मार्गावरून उतरलेली मोटार मग जोडरस्त्याला लागते आणि तेथे कुंपण नसते. तासभर 120 च्या वेगाची सवय झालेल्या चालकाला 70 हा वेग संथ वाटतो. दिवे नसलेल्या ट्रॉलीची आणि अशा मोटारीची गाठ पडण्याची शक्यता तेथेच अधिक.

आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. मोठ्या शहरांत पाच-सात वर्षे वापरलेल्या जर्मन मोटारी नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मिळतात. त्यांतील एखादी ट्यून केलेली असेल आणि नोंदच नसेल, तर तालुक्याच्या गावातील दुसऱ्या मालकाला आपण काय चालवतो आहोत हेही कळणार नाही. अपघातानंतर असा बदल उघड झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाईचा दावा नाकारू शकते.

बंदी आहेच, तिने छंद थांबलेला नाही, तो अंधारात गेला आहे. त्याऐवजी प्रमाणित बदलांची यादी, अधिकृत गॅरेज आणि नोंदणीपत्रावर सक्तीची नोंद हा मार्ग शासनाने विचारात घ्यावा. वाहनांना मान्यता देणारी चाचणी संस्था एआरएआय पुण्यातच आहे. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग 2021 मध्ये सुरू झाला. कोइम्बतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे मार्ग आहेत. वेगाची हौस भागवायची तर ती अशा बंदिस्त जागी भागवावी, आणि त्या परवडतील अशा दरांत खुल्या व्हाव्यात. जालना-नांदेड मार्गाच्या आराखड्यातच सरासरी वेग मोजणारे कॅमेरे, जोडरस्त्यांवर वेग उतरवणारी रचना आणि ट्रॉलींना परावर्तक पट्ट्या यांची तजवीज झाली, तर तो खर्च नंतरच्या भरपाईपेक्षा कमीच असेल.

जर्मन अभियंत्याने वेगाबरोबर ब्रेकही तितक्याच निगुतीने घडवला आणि त्याच्या देशाने चालकही घडवला. आपण आतापर्यंत मोटार तेवढी आणली. सेलूच्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाला मोटारीच्या अश्वशक्तीशी काही देणेघेणे नाही. ती कोणी, कोणाच्या परवानगीने वाढवली, याची नोंद शासनदरबारी असावी, एवढा मात्र त्याचा हक्क आहे.