धवलारिणीला खुर्ची नव्हती

कवयित्री, चित्रकर्त्या आणि निसर्ग असा विषय, तोही घराजवळ पेणमध्ये. म्हणून रविवारी सकाळी रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पकडली. हॉलमध्ये शिरले तेव्हा सत्तरीच्या एक आजी धवले म्हणत होत्या. हातात कागद नाही, आवाज संथ, एकेक ओळ श्वास संपेपर्यंत लांबणारी. त्या थांबल्या तसा सूत्रसंचालकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "या सुरेल स्वागतगीतानंतर आपण मुख्य कार्यक्रमाकडे वळूया." आजींना नारळ मिळाला आणि मागच्या रांगेत जागा.

माझं भांडण इथूनच सुरू होतं.

धवले म्हणजे स्वागतगीत नव्हे. आपल्याकडच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण पौरोहित्य करते. बाई! विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतात. आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, त्या महदंबेची तेराव्या शतकातली रचनाही 'धवळे'च, तीही लग्नाचीच. दोन्हींचा घाट एकच आहे असं मी म्हणत नाही. पण नाव तेच, प्रसंग तोच. एवढं असताना कवयित्रींच्या कार्यक्रमात तिला मंचावर खुर्ची नसावी?

पुढच्या भाषणात बहिणाबाई आल्या. 'निरक्षर असूनही' हे शब्द मी तीनदा मोजले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकात आली, ती घरात लिहून ठेवणारं कुणी होतं म्हणून. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता त्या बायकांचं काय झालं, हा प्रश्न त्या हॉलमध्ये अक्षरशः मागच्या रांगेत नारळ घेऊन बसला होता. (इंदिरा संतांवरचं भाषण मात्र फार चांगलं झालं. ते ऐकायला पुन्हा जाईन.)

मग पडद्यावर चित्रं. माड, तिरपी होडी, नारिंगी सूर्य. पेणच्या पश्चिमेला खाडीकडे जाऊन बघा, तिथला निसर्ग असा आयता मिळालेला नाही. मातीचे बांध घालून समुद्राचं पाणी अडवलं, तेव्हा तिथे भात पिकलं. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात. त्या बांधांचा चिखल बायकांनीही डोक्यावरून वाहिलाय. याच तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत मतपेट्या लागल्या होत्या, महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर. इथल्या 'लँडस्केप'बद्दल बोलायचं आणि हे बोलायचं नाही?

आमच्या रोह्याची कुंडलिकाही कवितेत येऊन गेली, आई होऊन. कोलाडचं राफ्टिंग नाही, धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत नाही, नुसती आई. आईची तब्येत विचारायची पद्धत असते.

चहाच्या वेळी मी एका चित्रकार सरांना विचारलं, पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बायका ब्रश धरतात, त्यांच्यातली एकही इथे कशी नाही? ते म्हणाले, "अगं, ते साच्याचं काम. कला वेगळी."

सर, मूर्ती साच्यातून निघते, डोळे हाताने आखतात. आणि माड-होडी-सूर्य हा साचा नाही का? वारली चित्रांचंच बघा. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा, आणि तेव्हा गाणारी तीही धवलेरीच. सत्तरच्या दशकात कागद आणि बाजार आले. पुढे जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाहीच. पण चौक लिहिणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला सांगता येतील? मला तर एकही येत नाही.

मला हळहळ नकोय, हिशेब हवाय. पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिकेत धवलारिणीचं नाव कवयित्रींच्या यादीत छापा. वक्त्याला जेवढं मानधन, तेवढं तिला. तिला अर्धा तास द्या, कुठली ओळ कुठल्या विधीला आणि का, हे ती सांगेल. समोर बसून ऐकायचं काम प्राध्यापकांनी करावं. कारखान्यातल्या चौघींना ब्रशसकट बोलवा. यात अवघड एवढंच आहे की मंचावरच्या काही खुर्च्या रिकाम्या कराव्या लागतील.

निघताना आजींना म्हटलं, फोनवर तुमचं गाणं घेऊ का? त्यांनी हातातला नारळ पिशवीत टाकला आणि विचारलं, "घे. पन खाली नाव कुनाचा टाकशील?"