रानडुक्कर, धनुष्य आणि पडीक शेत

वादी कबीर (मस्कत) : वन्यजीव संरक्षणाच्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक केरळ विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत केले. रानडुकरासारख्या प्राण्याला ‘उपद्रवी’ ठरवण्याचा जो अधिकार आज केवळ केंद्र सरकारकडे आहे, तो राज्याला मिळावा, हा त्यामागील मुख्य हेतू. वने आणि वन्यजीव हे विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीवाचून हा बदल अमलात येऊ शकत नाही. तरीही त्याचे पडसाद कोकणात उमटणे स्वाभाविक आहे. भात, नाचणी, सुरण, रताळी, नारळाची कोवळी रोपे यांची रात्रीतून होणारी नासधूस रत्नागिरी-सिंधुदुर्गाला नवी नाही, आणि वादी कबीर किंवा रूवीतल्या कोकणी घरातून शुक्रवारी गावाला जो फोन जातो, त्यात पावसाच्या खालोखाल डुकरांचीच चौकशी होते.

याच सुमारास एक वेगळाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. अमेरिकेतील टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या उष्ण प्रदेशांत कंपाऊंड धनुष्याने रानडुकरे मारण्याच्या चित्रफिती आखातातले तरुण मोठ्या आवडीने पाहतात. धनुष्याला आवाज नाही, बंदुकीच्या परवान्याची कटकट नाही. मग सुट्टीवर गेल्यावर आपल्याच बागेत एखादे डुक्कर टिपले तर बिघडले कुठे, असे त्यांना वाटते. बिघडते ते असे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्राची जी व्याख्या केली आहे, तीत बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचा नावानिशी उल्लेख आहे, जाळे, फास, विष आणि सापळाही तीत येतात. रानडुक्कर पूर्वी या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. लेखी परवानगीवाचून त्याची शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जमीन स्वतःची आहे, हा बचाव तेथे चालत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी धनुष्य या कामाला कितपत पुरे पडते? पट्टीचा तिरंदाजसुद्धा वीस-पंचवीस मीटरच्या आत आल्याशिवाय डुकरावर बाण सोडत नाही. पूर्ण वाढलेल्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या चिवट थराची जणू ढालच असते. बाण बोटभर चुकला, तर जखमी जनावर करवंदीच्या जाळीत शिरते आणि मग त्याचा माग काढणे हे शिकारीपेक्षा धोक्याचे काम ठरते. उष्ण हवेत मांस काही तासांत खराब होते, त्यामुळे सकाळपर्यंत थांबण्याचीही सोय नाही. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने वन्य प्राण्यांवर धनुष्य चालवण्यास बंदी घातली, ती जनावर तडफडत मरू नये याच विचाराने.

खुद्द अमेरिकेचा अनुभवही बोलका आहे. टेक्सासमध्ये मोकाट डुकरांची संख्या सुमारे पंचवीस लाखांच्या घरात धरली जाते. २०१९ पासून तेथे जमीनमालकाची संमती असेल, तर खासगी जमिनीवर डुक्कर मारण्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. तरीही डुकरे हटलेली नाहीत. संख्या आहे तेथेच रोखायची, तर दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असे तेथील अभ्यासकांचे गणित आहे. मादी वर्षाच्या आत वयात येते, पावणेचार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले देते. अशा प्राण्यापुढे सुट्टीच्या दिवशी मारलेल्या एक-दोन डुकरांचा हिशेब लागत नाही. मिसुरी राज्याच्या संवर्धन विभागाने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला उलट बंदीच केली. एकटादुकटा शिकारी कळपातले एक जनावर मारतो आणि उरलेला कळप उधळून शेजारच्या खोऱ्यात नेऊन सोडतो, हे त्यामागचे कारण. शिवाय शिकारीची हौस भागावी म्हणून डुकरे मुद्दाम नव्या भागांत सोडणारे महाभागही तेथे निघाले.

आपल्याकडे धनुष्याची परंपरा नाही असे नाही. नंदुरबारचा भिल्ल, गडचिरोलीचा माडिया यांच्या हातात ते पिढ्यान्‌पिढ्या होते आणि माडियांची सामूहिक पारध हा तर समाजजीवनाचा भाग होता. जंगल ओळखणाऱ्या त्या माणसाला १९७२ नंतर आपण गुन्हेगार ठरवले. त्याच वेळी शेताच्या बांधावर जे हत्यार पसरले, ते धनुष्याहून कितीतरी अधिक आंधळे आहे. मला खरी चिंता वाटते ती त्याची.

कोकणात त्याला फासकी म्हणतात. मोटारसायकलच्या क्लच वायरीची फासकी डुकरासाठी लावली जाते आणि तीत बिबट्या अडकतो, ही बातमी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाआड नव्हे, वर्षातून अनेकदा छापून येते. विदर्भात कुंपणात वीज सोडतात. ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड परिसरात अशाच तारेला चिकटून मेला. केरळात २०२० मध्ये एका गर्भार हत्तिणीचा जबडा स्फोटकाने फाटला; ते फळ डुकरांसाठी ठेवलेले असावे, असे तपासात पुढे आले. माणसेही यातून सुटलेली नाहीत. मे २०२२ मध्ये पालक्काड जिल्ह्यात दोन पोलीस आणि जून २०२५ मध्ये निलंबूरजवळ दहावीतला एक मुलगा डुकरासाठी सोडलेल्या विजेने गेला.

म्हणून प्रश्न डुकरे मारावीत की नाहीत, हा नाही. कायद्याच्या अकराव्या कलमानुसार उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी आजही लेखी परवानगी देऊ शकतो. केरळने मे २०२२ मध्ये हाच अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत खाली आणला. परवानाधारक बंदूकवाल्यालाच गोळी घालू द्यायची, विष, स्फोटके आणि वीज वर्ज्य, ही अट घालून. महाराष्ट्राने उचलावी अशी ही गोष्ट आहे. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका अजून आहेत; पण निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि डुकराला आचारसंहिता नसते.

‘उपद्रवी’ घोषित करण्याची मागणी मात्र जपून तपासावी लागेल. परवानगीने मारलेल्या रानडुकराचे धूड एकोणचाळिसाव्या कलमानुसार सरकारची मालमत्ता ठरते. उपद्रवी ठरलेल्या प्राण्याला ते लागू नाही. म्हणजे घोषणा झाली की मारणारा कोण, किती आणि कशाने, याची नोंद संपते आणि मांसाचा बाजार मोकळा होतो. केंद्राने उत्तराखंडात रानडुकराला आणि बिहारमध्ये नीलगायीसह रानडुकराला काही काळासाठी उपद्रवी ठरवले होते. २०१६ मध्ये त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. शेतकऱ्याच्या बांधावरचा प्रश्न त्याने मिटला नाही.

ओमानकडे पाहिले, तर दोन्ही टोके दिसतात. अरबी ऑरिक्स येथे १९७२ मध्ये शिकारीमुळे रानातून नाहीसा झाला. १९८२ मध्ये तो पुन्हा सोडताना जिद्दत अल हरासीसमधील हरासीस टोळीतल्या माणसांनाच राखणदार नेमण्यात आले. आणि भारतातून आलेले कावळे व मैना यांचा उपद्रव वाढला, तेव्हा पर्यावरण प्राधिकरणाने स्वतःची पथके उतरवली. हौशी लोकांवर ते काम सोपवले नाही.

राहिला तो आपला, म्हणजे येथे बसलेल्यांचा वाटा. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मळ्यांत भात लागत होते, तेथे आज घाणेरी आणि करवंद माजले आहे. कसणारे हात मुंबईला गेले, आखातात गेले. रानडुकराला दिवसा दडायला याहून चांगली जागा कोणती? रात्री ते शेजारच्याच शेतात उतरते, आणि तो शेजारी अजून शेती करतो हाच त्याचा दोष. सामायिक सातबारावर सात-आठ नावे, त्यांतली तीन परदेशी. साफसफाईचा खर्च कोणी करायचा, हे ठरत नाही. ती झुडपे तोडून जमीन निदान कुळीथ-नाचणीसाठी गावातल्या कोणाला कसायला दिली, तर डुकराचा आडोसा तुटतो.

आणखी एक गोष्ट त्याहून तातडीची आहे. आंबा-काजूच्या बागा राखणदारावर सोडून आपण येथे निर्धास्त असतो. त्या राखणदाराने कुंपणाला वायर जोडली आहे का, बागेच्या वाटेवर फासकी आहे का, हे कितीजणांनी विचारले आहे? अपघात झाला की गुन्हा मनुष्यवधाचाही दाखल होतो, आणि मालकाला माहीत होते का, हे तपासात विचारले जातेच. येत्या शुक्रवारच्या फोनवर हा प्रश्न आधी विचारावा आणि वायर जोडलेली असेल, तर ती त्याच दिवशी काढायला सांगावी.