सामुदायिक मालकीची कसोटी

जे सर्वांचे ते कोणाचेच नसते आणि म्हणून त्याचा नाश अटळ असतो, असा युक्तिवाद गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. खासगी मालकीच्या कैवाऱ्यांनी तो शिरोधार्य मानला, यात नवल नाही. परंतु अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील अनिशिनाबे या आदिवासी समाजाचा अनुभव वेगळी साक्ष देतो.

आदिवासींच्या सामुदायिक जमिनीचे व्यक्तिवार तुकडे पाडण्याचे धोरण अमेरिकन सरकारने १८८७ साली स्वीकारले. १८८९ च्या कायद्याने ते मिनेसोटातील अनिशिनाबेंना लागू झाले. आदिवासीला ‘मालक’ करून सुधारावयाचे, ही त्यामागील भाषा. व्हाइट अर्थ येथे तुकडे पडले. विक्रीवरील निर्बंध सैल होताच लाकूड व्यापारी आणि सट्टेबाज यांनी बहुतांश जमीन गिळंकृत केली. आदिवासी मालक झाला आणि भूमिहीनही झाला!

रेड लेकच्या अनिशिनाबेंनाही त्या वेळी फार मोठा प्रदेश सोडावा लागला. उरलेल्या जमिनीचे तुकडे पाडू देण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. ती जमीन आजही अविभक्त आहे. १९५३ साली मिनेसोटातील इतर आदिवासी प्रदेशांवर राज्याच्या न्यायालयांची हुकूमत आली. रेड लेक त्यातून वगळले गेले.

सामुदायिक मालकी म्हणजे जादूची कांडी नव्हे. बेसुमार मासेमारीमुळे रेड लेक सरोवरातील वॉलआय हा मासा १९९० च्या दशकात जवळजवळ संपला. हार्डिन खरे ठरले, असे येथवर कोणी म्हणू शकेल. पण पुढे काय घडले? समाजाने १९९७ साली व्यापारी मासेमारी स्वतःहून थांबविली. १९९९ साली राज्य व केंद्र सरकारांशी करार करून सर्वच वॉलआय मासेमारी बंद ठेवली, सरोवरात कोट्यवधी मत्स्यबीज सोडले. ज्यांच्या चुली त्या माशावर पेटत होत्या, त्यांनीच ही झळ सोसली. २००६ साली मासेमारी पुन्हा सुरू झाली, ती मर्यादा घालूनच.

तात्पर्य, प्रश्न केवळ मालकी कोणाची एवढाच नाही. नियम कोण करतो आणि त्याग कोणाच्या संमतीने होतो, हाही आहे. स्वशासनाविना सामुदायिक मालकी कागदावरच राहते. सामुदायिक मालकीचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तिच्या जोडीला या शिस्तीचाही आग्रह धरला पाहिजे.