शर्यतीच्या मोटारीवरचा आकडा कोणासाठी?

जुन्या शर्यतीच्या मोटारींची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. बसक्या, लांब नाकाच्या मोटारीच्या दारावर एक पांढरी गोल चकती असते आणि तिच्यात ठळक काळा आकडा असतो. हा आकडा पुष्कळांना शोभेचा वाटतो. आमच्या नांदगाव पेठेवरून जाणाऱ्या महामार्गावर अशा मोटारी क्वचितच दिसतात. परंतु तसले आकडे चिकटवलेल्या मोटारसायकली रोज दिसतात. म्हणून या आकड्याचे शास्त्र काय आहे, ते आज पाहू.

इटलीतील ‘मिले मिलिया’ ही सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत घ्या. १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉस याने ती जिंकली. त्याच्या चंदेरी मर्सिडीजवर लाल रंगात ७२२ हा आकडा होता. तो शुभ म्हणून निवडलेला नव्हता. मॉसची गाडी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली, म्हणून ७२२! समजा, ७१६ क्रमांकाची गाडी आणि ७२२ क्रमांकाची गाडी तुमच्यासमोरून एकाच वेळी गेल्या. दुसरीने सहा मिनिटे भरून काढली, हे रस्त्याकडेच्या शाळकरी मुलालाही घड्याळाशिवाय कळले असते. आकडा वाचणाऱ्याला काही सांगत होता.

आता आकड्याचे माप पाहू. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन ओळखता येतो. १ सेंटिमीटर जाडीची रेघ सुमारे ३४ मीटरवरून एवढा कोन करते. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांप्रमाणे आकडा निदान २८ सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ ५ सेंटिमीटर जाड असावी लागते. गुणाकार करा: सुमारे १७० मीटर! उंची जाडीच्या साडेपाच पटींहून थोडी अधिक आहे. डोळे तपासताना डॉक्टर जो तक्ता वाचायला लावतात, त्यातील अक्षरांची उंची रेघेच्या पाचपट असते. दोन्ही प्रमाणे जवळजवळ सारखी आहेत, कारण दोन्हींचा मालक एकच – डोळा.

पांढऱ्या चकतीचे कारणही हेच. पूर्वी इंग्लंडच्या गाड्या हिरव्या, इटलीच्या लाल, फ्रान्सच्या निळ्या असत. गडद रंगावर काळा आकडा बुडून जातो. गाडी फिक्या रंगाची असेल तर पांढऱ्या भागाभोवती काळी चौकट काढतात.

आता जागा. आकडा तिरपा पाहिला की त्याची रुंदी कोज्येच्या प्रमाणात घटते. ६० अंशांनी तिरपे पाहिले तर ती निम्मीच उरते. म्हणून दारांवरचे आकडे बाजूने पाहणाऱ्यांसाठी आणि बॉनेटवरचा समोरून पाहणाऱ्यांसाठी असतो. पत्रा फार वळलेला असेल तर आकड्याची कडा पलीकडे लपते; यासाठी शक्य तितका सपाट भाग निवडावा. आकड्यांचे वळणही साधे हवे. नक्षीदार इंग्रजी तीन लांबून आठासारखा दिसतो.

जुनी मोटार हौसेने जपणाऱ्याने तिच्यावर आकडा अवश्य लावावा. शक्य तर त्या गाडीच्या इतिहासातला लावावा आणि काढता येईल असा लावावा. आमच्या वऱ्हाडच्या उन्हात भोवतीचा रंग विटतो, झाकलेला तसाच राहतो आणि चिकटपट्टी काढल्यावरही आकड्याचे भूत दारावर उरते.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. मोटारसायकलच्या मागील पाटीवरचे अंक नियमाने ४० मिलिमीटर उंच व ७ मिलिमीटर जाड असतात, म्हणजे ते सुमारे २४ मीटरवरून वाचता येतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने दूर जाणारी गाडी हे अंतर दीड सेकंदात तोडते. धडक देऊन कोणी पळाला, तर साक्षीदाराच्या हाती एवढाच वेळ असतो. अंकांची रेघ ३ मिलिमीटरची केली की तो अर्ध्या सेकंदाहून थोड्याच अधिकावर येतो. ४१४१ चे ‘दादा’ आणि ८०५५ चे इंग्रजी ‘बॉस’ करणारे हाच वेळ चोरतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना एकाच धाटणीची पाटी सक्तीची झाली, हे चांगले झाले. पण तीच पाटी वाकवून तिरपी बसवली, तर कोज्येचा नियम तिलाही सोडत नाही! शिवाय टाकीवर भला मोठा ४६ असला, की घाबरलेल्या साक्षीदाराच्या ध्यानात तोच राहतो आणि खरा क्रमांक निसटतो.

माझ्या मते क्रमांक हा लावणाऱ्याचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो. शर्यत लावणाऱ्यांना हे कळले होते. मग गावच्या रस्त्यावर ते का कळू नये?

हे माझ्या शब्दावर मानू नका. पुठ्ठ्यावर ४ सेंटिमीटर उंचीचे दोन अंक काढा, एक ७ मिलिमीटर जाडीचा आणि एक ३ मिलिमीटरचा. मित्राला ते धरून शाळेच्या मैदानावर उभे करा आणि मागे मागे जात पावले मोजा. मग तोच पुठ्ठा तिरपा धरायला सांगा. शिक्षकांनी वर्गातील सर्वांची अंतरे फळ्यावर मांडावीत. आणि घरी गेल्यावर आपल्या दारातल्या गाडीची पाटी तितक्याच अंतरावरून एकदा वाचून पाहावी.