घरचे वळण, चारचौघांत



मागच्या पंधरवड्यात टोकरखाड्यात एका दवाखान्याच्या खिडकीपाशी आम्ही रांगेत उभे होतो. सहासात वर्षांचा एक मुलगा पुढच्या म्हातारीला ढकलून मध्ये शिरला. बापाने तिथल्या तिथे, सर्वांदेखत, त्याच्या थोबाडीत मारली. पोर रडू लागले. थोड्याच वेळाने खिडकी उघडली, आणि त्याच बापाने आतल्या ओळखीच्या माणसाला हाक मारून आपला केसपेपर सर्वांच्या आधी पुढे सरकवला. मुलगा डोळे पुशीत ते पाहत होता. त्या सकाळी त्याला दोन धडे मिळाले; त्यांतला कोणता त्याच्या ध्यानात राहील, हे आम्ही सांगावयास नको.

एक काळ असा होता, की मुलाने आगळीक केली तर शेजारची काकी त्याचा कान धरी, आणि आई तिचे आभार मानी. सारा पाडाच मुलांवर नजर ठेवी. १९६१ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची वस्ती ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. कारखाने आले, त्यांच्यासाठी दूरदूरचे कामकरी आले. आज बसमध्ये वा बाजारात आपल्या मुलाशेजारी उभा असलेला मनुष्य बहुधा अनोळखी असतो. तो मुलाला वळण लावीत नाही. कपाळाला आठ्या घालून बाजूला होतो. काकीचे ते काम आता आपल्याच शिरावर आले आहे.

मग ते मारून करावे काय? तुरीनचे संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटासा निबंध लिहिला. चूक घडल्यावर शिक्षा करीत बसण्यापेक्षा नियम आधी समजावून द्यावा, मुलांच्या सोबत राहावे आणि प्रेमाने त्यांना चुकीपासून दूर ठेवावे, असा त्याचा आशय आहे. आपल्या देशातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास मनाई केली आहे. जे शिक्षकाला वर्ज्य, ते बापाला भर रस्त्यात कसे शोभावे?

घरातून निघण्यापूर्वी मुलाला जवळ घेऊन दोन मिनिटे बोलावे. बसमधून उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचे. म्हातारे माणूस दिसले, की जागा द्यायची. शेंगांची टरफले पिशवीत ठेवायची. प्रत्येक गोष्टीचे कारणही सांगावे. मिस्साला लहान मूल पुढच्या बाकावर बसवावे. वेदी दिसली, की ते कमी चुळबुळते. रडलेच, तर न रागावता बाहेर न्यावे. चारचौघांत चूक झाली, तर बाजूला नेऊन हळू आवाजात सांगावे. आणि नीट वागले, तर घरी परतताना शाबासकी द्यायला विसरू नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१६ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, कुटुंबजीवनावरील उपदेशपत्रावर सही केली. त्यात ते लिहितात, की मनुष्य मनाने कितीही चांगला असो, ‘कृपया’, ‘आभारी आहे’ आणि ‘क्षमा करा’ हे म्हणण्याची सवय वडीलधाऱ्यांनी त्याला लावली नसेल, तर ते चांगुलपण सहजी बाहेर येत नाही. सवय ही रोजच्या सरावाने लागते, आणि सरावाची जागा म्हणजे आपले स्वयंपाकघर. पाण्याचा पेला आणून देणाऱ्या लेकीला आपण ‘आभारी आहे’ म्हणतो काय?

यापेक्षाही अवघड भाग आपल्या स्वतःचा आहे. तंबाखूची पिचकारी आपण टाकायची, मिस्सात फोन आपला वाजायचा, आणि शिस्त मात्र मुलाने पाळायची, हे कसे जमावे? त्या बापाने मुलाचा हात धरून म्हातारीची क्षमा मागितली असती, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहिला असता, तर थोबाडीत मारण्याची गरजच पडली नसती.

येत्या आठवड्यात एखाद्या तरी रांगेत आपणा सर्वांना उभे राहावे लागेल. मुलाला बरोबर न्यावे, आणि आपली पाळी येईपर्यंत त्याच्यासह शांतपणे उभे राहावे.