पाहोमच्या बायकोचं काय झालं?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. १९५१ साली पोचमपल्लीत ज्यांनी भूदान सुरू केलं त्यांच्या गावात जमिनीवर बोलायचं, म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी टॉलस्टॉयची १८८६ सालची गोष्ट सांगितली. माणसाला जमीन लागते तरी किती, ही. पाहोम नावाच्या शेतकऱ्याची हाव वाढत जाते. हजार रुबल द्यायचे, दिवसभरात पायी वेढा घालशील तेवढी जमीन तुझी. मात्र सूर्य मावळायच्या आत निघालास तिथे परत यायचं. तो धावत परत येतो आणि कोसळून मरतो. अखेर लागते ती पुरण्यापुरती जमीन.

ऐकणारे हळहळतात, आणि आपण काही पाहोम नाही, या समाधानात घरी जातात. मीही कित्येक वर्षं ती तशीच सांगत आले. या वेळी एका मावशींनी विचारलं, "ताई, त्याच्या बायकोचं काय झालं?"

मला सांगता येईना. घरी येऊन कथा पुन्हा वाचली. सुरुवातच मुळी दोन बहिणींच्या बोलण्याने होते. शहरातली थोरली बढाई मारते, तर धाकटी म्हणते, आमचं कष्टाचं जिणंच बरं. ही धाकटी पाहोमची बायको. पहिली जमीन घेताना नवरा-बायको मिळून शिंगरू विकतात, निम्म्या मधमाश्या विकतात, मुलाला मजुरीला लावून आगाऊ पैसे उचलतात. शेवटच्या खेपेला पाहोम तिला घर सांभाळायला ठेवतो आणि गड्याला घेऊन निघतो. तो मेल्याचं तिला कोणी कळवलं का, ते कथेत नाही. तिला नावही नाही.

यात टॉलस्टॉयला दोष देऊन मला सुटता येत नाही. त्याला लोभाविषयी सांगायचं होतं, ते त्याने सांगितलं. ती बाई मात्र पहिल्या पानापासून तिथे होती, आणि मला ती दिसली नव्हती.

भूदानाचंही (विनोबांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते) तेच. दान द्यायला आधी जमीन नावावर लागते. लावणी-कापणी बायकांची, सातबारा पुरुषांचा. १९९४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात आणि २००५ च्या दुरुस्तीने देशभर, लग्न झालेल्यांनाही, हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. माहेर तुटायला नको!

मीही केली आहे. वडील गेल्यावर भावाने कागद पुढे केला, वहिनीने चहा आणला, आणि कायद्याचे वर्ग घेणाऱ्या मी तो वाचलासुद्धा नाही. त्यानंतरही पाहोमची गोष्ट सांगतच राहिले.

मावशींना हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बैठकीत आधी तेच सांगेन, मग कोणी कोणी सही केली आहे ते विचारेन.