चित्रपट पाहून झाल्यावर



या सत्रात वरच्या वर्गांना आम्ही दोन चित्रपट दाखवणार आहोत : 'मी सिंधुताई सपकाळ' (२०१०) आणि 'झुंड' (२०२२). विषय एकच, घर नसलेली माणसे. "बोर्डाची परीक्षा जवळ असताना हे कशाला?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न योग्य आहे, म्हणून आमची बाजू येथे मांडतो.

बसस्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर झोपणारी माणसे मुलांना येता-जाता दिसतात. काही मुले त्यांना 'पागल' म्हणून चिडवतात, खडेही मारतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात ती संख्या सुमारे १७.७ लाख भरली. असा आकडा पाठ होतो, पण माणूस कळत नाही. माणूस बेघर कसा होतो, हे चित्रपट दाखवू शकतो.

सिंधुताई वर्धा जिल्ह्यातल्या. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने संशयावरून घराबाहेर काढले. गोठ्यात बाळंतपण झाले. माहेरचेही दार उघडले नाही. पुढे रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली, रात्री स्मशानात काढल्या. यात त्यांचा आळस कुठे होता?

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर आधारित आहे. झोपडपट्टीतली मुले फुटबॉल शिकतात आणि बेघरांच्या विश्वचषकाला निघतात. तेव्हा पासपोर्ट लागतो. मोनिका नावाची मुलगी आणि तिचे वडील ओळखीच्या एका कागदासाठी दारोदार फिरतात. आपण प्रवेश अर्जावर पत्ता सहज लिहून टाकतो. ज्याला पत्ताच नाही, त्याने त्या रकान्यात काय लिहावे?

मात्र एक सावधगिरी हवी. दोन्ही चित्रपटांचा शेवट यशाचा आहे. सिंधुताई अनाथांच्या माई झाल्या, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे पाहून मुलांना वाटू शकते की जिद्द असली की माणूस वर येतोच. मग जो वर आला नाही, त्याचाच दोष. ही समजूत खडा मारण्याइतकीच वाईट आहे. बारसे सर भेटले नसते, तर त्याच मुलांचे काय झाले असते? आणि जो कधीच जिंकणार नाही, त्याला मान द्यायचा की नाही? आमच्या मते द्यायचा, तोही तो जिंकण्याची वाट न पाहता.

म्हणून प्रत्येक चित्रपटानंतर एक तास चर्चेचा राहील. डोळ्यांत पाणी आले एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. तीन गोष्टी मुलांकडून हव्यात : कुणाला चिडवायचे नाही, मोबाईलवर कुणाचा फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, आणि कुणी आजारी वा उपाशी दिसल्यास मोठ्यांना सांगायचे. मुलाने असे घरी येऊन सांगितले, तर पालकांनी "तुला काय करायचे?" म्हणून त्याला गप्प करू नये. शाळेने शिकवलेले तिथेच पुसले जाते.

विश्वस्त मंडळास विनंती की हा कार्यक्रम एका सत्रापुरता न ठेवता दरवर्षी चालू ठेवावा. बोर्डाच्या वर्गांना महिन्यातला एक शनिवार जड जाणार नाही. शिकलेल्या मुलाच्या हातून कुणावर खडा पडला, तर चांगल्या निकालाचे कौतुक आम्ही कोणत्या तोंडाने करावे?